बडोद्याहून कंपालाला येणाऱ्यांसाठी : घरातले आणि अंगणातले कीटक

दांडियाबाजार :

बडोद्याच्या मराठी कुटुंबांतून नोकरीनिमित्त पूर्व आफ्रिकेत येणारी मंडळी मला येथे कंपालात वरचेवर भेटतात. युगांडात येण्यापूर्वी त्यांपैकी जवळजवळ प्रत्येकाने मलेरियाची चौकशी केलेली असते. ती योग्यच आहे आणि डासांविषयी पुढे चर्चा होईलच. परंतु डासांपलीकडच्या कीटकांची कोणतीही माहिती नसताना लोक येथे येतात, याची मला काळजी वाटते. त्यांपैकी काही कीटक पूर्ण निरुपद्रवी असूनही भीती घालतात आणि काही इतके किरकोळ दिसतात की त्यांच्याकडे लक्षच जात नाही. म्हणून हा धागा सुरू करत आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की येथे सर्व किड्यांना एकाच मापाने मोजून चालत नाही. प्रत्येकाची सवय समजून घेतली, तर आपल्या दिनक्रमात नेमका कोठे बदल करायचा हे कळते आणि उरलेली भीती बाळगण्याचे कारण राहत नाही.

आधी हवामानाविषयी सांगते. कंपाला विषुववृत्ताच्या अगदी जवळ असले तरी समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे बडोद्याच्या मे महिन्यातला उकाडा येथे कधीच अनुभवाला येत नाही. पाऊस मात्र वर्षातून दोनदा येतो. मार्च ते मे हा एक हंगाम आणि सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या आसपास दुसरा. आपल्याकडे उन्हाळ्यात डबकी आटतात, गवत करपते आणि किड्यांची एक पिढी आपोआप कमी होते. येथे असा कोरडा, भाजून काढणारा काळ नसल्यामुळे किडे बाराही महिने असतात. केवळ त्यांची पाळी बदलत राहते.

सर्वांत आधी कपडे वाळत घालण्याविषयी लिहिते, कारण नव्याने आलेल्यांना ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. येथे मँगो फ्लाय नावाची एक पिवळसर तपकिरी माशी आहे. आकाराने ती घरमाशीपेक्षा थोडी मोठी असते. ती माणसाला चावत नाही, अंगावर बसतही नाही. तिची मादी सावलीतल्या, घाण झालेल्या मातीत किंवा बाहेर वाळत घातलेल्या ओलसर कपड्यांवर अंडी घालते. दोन-तीन दिवसांत त्यांतून अतिशय बारीक अळ्या बाहेर पडतात आणि तो कपडा अंगात घातला की कातडीत शिरतात. त्यासाठी अंगावर जखम असावी लागत नाही. त्या जागी गळवासारखी गाठ येते, तिच्या मध्यभागी बारीक छिद्र दिसते आणि आत काहीतरी हलल्याची जाणीव होते. पाठ, कंबर, मांड्या, म्हणजे जेथे कपडा घट्ट बसतो, तेथे हे अधिक आढळते.

यावरचा उपाय साधा आहे, परंतु तो कधीही चुकवायचा नाही. बाहेर वाळलेल्या प्रत्येक कपड्याला दोन्ही बाजूंनी कडक इस्त्री करायची आणि शिवणी, नाडीची जागा व इलॅस्टिकची पट्टी यांवरून ती सावकाश फिरवायची. आपण शर्ट, साडी आणि पंजाबी ड्रेस इस्त्री करतो, पण बनियन, परकर, टॉवेल, मोजे आणि चादरी घडी घालून कपाटात ठेवतो. येथे नेमकी हीच वस्त्रे अंगाला चिकटून असतात, म्हणून त्यांना इस्त्री अधिक आवश्यक आहे. शक्य असेल तर कपडे घराच्या आत, जाळी लावलेल्या खोलीत वाळवावेत. कपडे गवतावर पसरून वाळवण्याची येथे सर्रास पद्धत आहे. घरकामाला येणाऱ्या व्यक्तीला पहिल्याच दिवशी विनंती करावी की आमचे कपडे दोरीवरच घाला.


विश्वामित्रीकाठ :

दांडियाबाजार ताई, आपण हा विषय काढलात हे फार चांगले झाले. मी बडोद्यात अनेक वर्षे प्राणिशास्त्र शिकवले आहे, म्हणून या माशीविषयी थोडी भर घालतो. हिचे शास्त्रीय नाव कॉर्डिलोबिया अँथ्रोपोफेगा. मादी शंभर ते तीनशे अंडी घालते आणि त्यासाठी भर उन्हातली जागा टाळते. म्हणून लख्ख उन्हात दोरीवर झटपट वाळलेल्या कपड्यांपेक्षा झाडाखाली किंवा पडवीत दमट राहिलेल्या कपड्यांमध्ये धोका अधिक असतो. मात्र पावसाळी हवेत ऊन केव्हा जाईल याचा नेम नसल्यामुळे केवळ उन्हावर विसंबू नये. अंड्यातून निघालेली अळी यजमान मिळेपर्यंत आठवडाभर, काही वेळा त्याहूनही अधिक काळ, उपाशी तग धरून राहू शकते. त्यामुळे काल वाळलेला कपडा आज सुरक्षित झाला असे समजता येत नाही.

गाठ आलीच तर ती दाबून फोडू नये. अळी छिद्रातून श्वास घेत असते. त्या छिद्रावर व्हॅसलीनचा जाड थर दिला की हवेसाठी ती वर येऊ लागते आणि मग दोन्ही बाजूंनी हलका दाब देऊन तिला अखंड बाहेर काढता येते. ती आत फुटली तर सूज आणि जंतुसंसर्ग होण्याची शक्यता असते, म्हणून हे काम दवाखान्यात करून घेणे अधिक बरे. तेथील परिचारिकांना याचा भरपूर सराव असतो. हा कीटक रोग पसरवत नाही, हेही सांगितले पाहिजे, कारण अंगात अळी आहे या कल्पनेनेच माणसे हादरून जातात.


कारेलीबाग :

माझी मुलगी आणि जावई लवकरच कंपालाला जाणार आहेत आणि नात अजून तान्ही आहे. आम्ही हौसेने शिवलेली झबली, दुपटी आणि सुती लंगोट बरोबर देणार होतो. वरचे वाचून मन धास्तावले आहे. इतक्या लहान बाळाला हे कपडे वापरावेत की नाही?


दांडियाबाजार :

कारेलीबाग ताई, दुपटी आणि झबली अवश्य द्या. येथील हवेला सुती कपड्यांइतके चांगले काही नाही. केवळ लंगोटांचा विचार वेगळा करावा लागेल, कारण ते दिवसातून अनेकदा धुवावे लागतात आणि प्रत्येक वेळी जाड घडीला आतपर्यंत इस्त्री पोहोचवणे कठीण जाते. बाळाचे कपडे वाळवण्यासाठी आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने घरातली एक छोटी खोली राखून ठेवली आहे. तिच्या खिडकीला बारीक जाळी आहे आणि दार नेहमी लोटलेले असते. तेथे माशीच पोहोचत नाही, म्हणून इस्त्रीचा ताण कमी होतो. मुलीने घर पाहताना अशी खोली किंवा बंदिस्त सज्जा आहे का, हे आवर्जून विचारावे. वीज जाण्याचे प्रसंग येतात, तेव्हा कोळशाची इस्त्री उपयोगी पडते. ती येथील बाजारात सहज मिळते.

आता ज्या दुसऱ्या किड्याविषयी मला तितक्याच कळकळीने लिहायचे आहे, त्याला येथे नैरोबी फ्लाय म्हणतात. नाव माशीचे असले तरी तो एक चिमुकला भुंगेरा आहे. लांबी जेमतेम ७ ते १० मिलिमीटर. काळे डोके, नारिंगी मान, मध्ये निळसर काळी पट्टी, पुन्हा नारिंगी आणि शेपटीचे टोक काळे, असे त्याचे रूप सहज ओळखू येते. तो चावत नाही आणि डंखही मारत नाही. संध्याकाळी दिव्याकडे येतो, मानेवर किंवा हातावर उतरतो आणि मुंगीसारखा चालू लागतो. अशा वेळी आपला हात नकळत त्याच्यावर थाप मारतो किंवा त्याला बोटाने चिरडतो, आणि अपाय नेमका तेथेच होतो. त्याच्या शरीरातील द्रव कातडीला लागला की त्या क्षणी काहीही जाणवत नाही; दुसऱ्या दिवशी मात्र लालसर पट्टा उमटतो, आग होते आणि फोड येतात. बोट डोळ्याला लागले तर डोळा सुजून बंद होतो.

म्हणून घरातल्या लहानथोरांना एकच सवय लावायची. अंगावर काही चालल्यासारखे वाटले तर थाप मारायची नाही; आधी पाहायचे. हा किडा असेल तर फुंकर मारून उडवायचा किंवा कागदाच्या कडेवर चढवून बाहेर सोडायचा. चुकून चिरडला गेलाच, तर ती जागा साबण आणि भरपूर पाण्याने लगेच धुवायची, अंगावरचा कपडाही धुवायला टाकायचा आणि तोवर चेहऱ्याला हात लावायचा नाही. पावसाच्या दिवसांत झोपण्यापूर्वी पलंगावरचा दिवा लवकर मालवावा आणि उशी, पांघरूण झटकून घ्यावे.


विश्वामित्रीकाठ :

या भुंगेऱ्याची प्रजाती पेडेरस. त्याच्यातील दाहक द्रव्याला पेडेरिन म्हणतात. विशेष म्हणजे हे द्रव्य कीटक स्वतः बनवत नाही. मादीच्या शरीरात राहणारे जिवाणू ते तयार करतात. १९९७-९८ मध्ये एल निनोमुळे पूर्व आफ्रिकेत अतिवृष्टी झाली, तेव्हा या किड्यांचा मोठा उपद्रव झाला होता. याच प्रजातीतील इतर जाती भारतातही आहेत आणि भाताच्या शेतांत त्या इतर किडी खाऊन शेतकऱ्याचा फायदाच करतात. आपल्याकडेही पावसाळ्यात अशा पट्टेदार फोडांना अनेकदा नागीण समजले जाते. तेव्हा दिव्याखाली थाप न मारण्याची सवय बडोद्यात राहणाऱ्यांनीही लावून घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन.


मांडवी :

सर्वांचे अनुभव वाचले. माझे मत थोडे वेगळे आहे. मी काही काळ दार-ए-सलाममध्ये होतो आणि तेथे आम्ही दर आठवड्याला संपूर्ण घरात औषध फवारून घेत असू. किडा ओळखत बसण्यापेक्षा घरात किडाच राहू नये, हे अधिक सोपे नाही का?


दांडियाबाजार :

मांडवी, आपला त्रास मी समजू शकते. झुरळे आणि ढेकूण यांच्यासाठी वेळप्रसंगी फवारणी करावी लागते, हेही मान्य आहे. परंतु वर ज्या दोन किड्यांविषयी लिहिले, त्यांच्यावर घरातल्या फवारणीचा फारसा उपयोग होत नाही. मँगो फ्लाय बाहेर अंडी घालते आणि नैरोबी फ्लाय रोज नव्याने दिव्याकडे येतो. दुसरी बाब अशी की पूर्व आफ्रिकेतील मलेरियाचे डास पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशकांना मोठ्या प्रमाणावर दाद देईनासे झाले आहेत आणि घरगुती फवारे बहुतांशी त्याच गटातले असतात. तिसरे, भिंतीवरच्या पाली आणि कोपऱ्यातले कोळी रात्रभर कितीतरी किडे खातात. आपण दर आठवड्याला त्यांनाही मारत राहिलो, तर आपलेच नुकसान होते. खिडक्यांना जाळी, दाराखालच्या फटीला पट्टी, साचलेले पाणी काढून टाकणे आणि रात्री नीट खोचलेली औषधयुक्त मच्छरदाणी, यांवर केलेला खर्च मला कितीतरी अधिक मोलाचा वाटतो.


रावपुरा :

आम्ही युगांडातल्याच जिंजा शहराजवळ ऊसमळ्यांच्या भागात राहत होतो, तेव्हाची एक गोष्ट नोंदवतो. तेथे सिआफू नावाच्या मुंग्या असतात. पाऊस पडून गेला की लाखो मुंग्यांची रांग रस्ता ओलांडताना दिसते. मध्ये लहान कामकरी आणि दोन्ही कडांना मोठ्या जबड्याच्या सैनिक मुंग्या. या मुंग्या आंधळ्या असतात आणि वासाच्या मागावर चालतात. सैनिक मुंगीने चावा घेतल्यावर ओढून काढली तर धड हातात येते आणि डोके कातडीतच रुतून राहते.

एके रात्री अशी रांग आमच्या शेजाऱ्यांच्या घरात शिरली. स्थानिक रखवालदाराने कोणालाही औषध मारू दिले नाही. त्याने बाळाला पाळण्यातून उचलून बाहेर आणायला लावले, कोंबड्यांचे खुराडे उघडले, बांधलेले कुत्रे सोडले आणि सर्वांना आमच्याकडे पाठवले. सकाळी मुंग्या निघून गेल्या होत्या आणि त्या घरात एकही झुरळ शिल्लक नव्हते. त्या माणसाच्या शांतपणाविषयी माझ्या मनात आजही आदर आहे. जे जागचे हलू शकत नाही, त्याला आधी हलवायचे, हा त्याचा क्रम अगदी अचूक होता. एरवी बागेत उभे राहण्यापूर्वी पायाखाली पाहणे आणि उंबऱ्याबाहेर राखेची जाड रेघ ओढणे, एवढी काळजी पुरते.

पायांचा विषय निघालाच आहे, म्हणून सांगतो. अंगणात अनवाणी फिरू नये. तेथील मातीत जिगर नावाची पिसू असते. तिची मादी पायाच्या बोटांत, विशेषतः नखाच्या कडेला, शिरून तेथेच अंडी वाढवते आणि वाटाण्याएवढी फुगते. ही पिसू मूळची आफ्रिकेतली नाही. दक्षिण अमेरिकेतून १८७२ मध्ये एका जहाजातून ती अंगोलाच्या किनाऱ्यावर आली आणि तेथून खंडभर पसरली. चपला दाराबाहेर काढण्याची आपली रीत उत्तमच आहे. केवळ तुळशीला पाणी घालायला जाताना त्या पुन्हा पायात घालाव्यात.


कारेलीबाग :

सर्वांचे मनापासून आभार. मुलगी एंटेबेलाही राहण्याचा विचार करत आहे, कारण विमानतळ जवळ पडेल. तेथे तळ्याकाठी किड्यांचे ढग येतात असे तिने ऐकले आहे. ते चावतात का?


दांडियाबाजार :

चावत नाहीत. व्हिक्टोरिया सरोवराच्या पाण्यात त्यांच्या अळ्या वाढतात आणि ठरावीक रात्री सगळे एकदम पंख फुटून बाहेर पडतात. दुरून पाहिले तर सरोवरावर धुराचे लोट उठल्यासारखे दिसते. त्यांचे हे बाहेर पडणे चंद्राच्या कलांशी जोडलेले आहे आणि अमावास्येच्या आसपास ते अधिक असते. घरात आपले पंचांग किंवा दिनदर्शिका असेलच. त्या दोन-चार संध्याकाळी खिडक्या लवकर बंद कराव्यात, बाहेरचे दिवे मालवावेत आणि ताटे झाकून ठेवावीत. ज्यांना दम्याचा त्रास आहे, त्यांनी त्या वेळी काठावर फिरायला जाणे टाळावे. सरोवराच्या काठी काही ठिकाणी लोक हे किडे भांड्यात धरून त्यांच्या वड्या थापतात आणि खातात.

खाण्यावरून न्सेनेनेविषयी लिहिणे आवश्यक वाटते, कारण नोव्हेंबरमध्ये नवीन माणसाला त्याचा अनुभव येतोच. हे हिरवे, तपकिरी, लांब मिशांचे नाकतोडे आहेत. वर्षातून दोनदा, नोव्हेंबर-डिसेंबरला आणि एप्रिल-मेला, त्यांचे थवे येतात. मसाकाच्या बाजूला रात्री प्रखर दिवे लावून, उभे पत्रे रचून त्यांच्या खाली पिंपे ठेवतात; दिव्याकडे झेपावलेले नाकतोडे पत्र्यावर आपटून पिंपात घसरतात. पंख आणि पाय काढून, कांदा घालून ते तळतात. येथे हे मानाचे खाणे आहे, शेजारी प्रेमाने वाटीभर आणून देतात. बुगांडा या येथील पारंपरिक राज्यातील एका कुळाचे तर हे कुलचिन्हच आहे आणि त्या कुळातले लोक परंपरेने ते खात नाहीत. म्हणून शाकाहारी माणसाने संकोच करण्याचे कारण नाही. आमच्या घरी हे चालत नाही, असे नम्रपणे सांगितले की येथील लोक ते लगेच समजून घेतात. नाक मात्र मुरडू नये. आपल्या घरी आलेल्या पाहुण्याने पुरणपोळीकडे पाहून तोंड वाकडे केले तर आपल्याला जे वाटेल, तेच त्यांनाही वाटते.


सुरसागर :

मी बडोद्यात डॉक्टर आहे आणि आफ्रिकेतून परतलेले रुग्ण अधूनमधून माझ्याकडे येतात, म्हणून डासांचा भाग मी लिहितो. युगांडात प्रामुख्याने फॅल्सिपेरम हा मलेरियाचा घातक प्रकार आढळतो. तो पसरवणारा ॲनॉफिलीस डास मुख्यतः रात्री, माणसे झोपेत असताना चावतो, त्यामुळे मच्छरदाणीला पर्याय नाही. भारतात पूर्वी मलेरिया होऊन गेला आहे, म्हणून आता भीती नाही, असे काही ज्येष्ठ मंडळी समजतात. तसे संरक्षण मिळत नाही. मुलांकडे दोन-तीन महिन्यांसाठी जाणाऱ्या आई-वडिलांनी प्रतिबंधक गोळ्यांविषयी डॉक्टरांना विचारावे आणि त्या परतल्यावर सांगितलेल्या मुदतीपर्यंत पूर्ण कराव्यात. काही गोळ्या परत आल्यावर ७ दिवस, तर काही ४ आठवडे घ्याव्या लागतात.

दुसरी सूचना त्याहून महत्त्वाची आहे. डास चावल्यापासून ताप येईपर्यंत साधारण ७ ते ३० दिवस जातात, काही वेळा त्याहूनही अधिक. म्हणजे माणूस बडोद्यात घरी पोहोचतो, सगळ्यांना भेटतो आणि मग ताप येतो. तो प्रवासाचा थकवा किंवा व्हायरल समजून दोन दिवस घालवले जातात. फॅल्सिपेरममध्ये ते दोन दिवस जिवावर बेतू शकतात. परतल्यानंतरच्या काही महिन्यांत ताप आला, तर डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता मी युगांडातून आलो आहे हे पहिल्या वाक्यात सांगावे आणि त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे.


कारेलीबाग :

डॉक्टरसाहेब, आम्ही दोघे साठीच्या पुढचे आहोत आणि नातीला भेटायला जाण्याची फार इच्छा आहे. पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस आम्हाला घ्यावीच लागेल का?


सुरसागर :

युगांडात प्रवेशासाठी या लसीचे प्रमाणपत्र लागते आणि भारतात परत येतानाही ते तपासले जाते. आपल्याकडे पीतज्वर नाही, पण तो पसरवू शकणारा एडिस डास सर्वत्र आहे, म्हणून भारत याबाबत फार कडक आहे. प्रमाणपत्र नसल्यास ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. लस अधिकृत केंद्रातच घ्यावी लागते. प्रमाणपत्र लसीनंतर १० दिवसांनी लागू होते आणि २०१६ पासून ते आयुष्यभरासाठी ग्राह्य धरले जाते. मात्र ही जिवंत विषाणूंची लस आहे. साठीनंतर ती पहिल्यांदाच घेणाऱ्यांमध्ये गंभीर दुष्परिणामांची शक्यता तरुणांपेक्षा अधिक असते. अंड्याची तीव्र ॲलर्जी, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे किंवा थायमस ग्रंथीचा आजार असेल, तर ती सहसा देत नाहीत. ९ महिन्यांखालील बाळांनाही ती सामान्यतः दिली जात नाही, म्हणून नातीच्या प्रवासाविषयी मुलीने बालरोगतज्ज्ञांशी स्वतंत्रपणे बोलावे. आपण दोघांनी तिकिटे काढण्यापूर्वी आपल्या सर्व औषधांची यादी घेऊन नेहमीच्या डॉक्टरांना भेटावे आणि त्यांची संमती मिळाल्यावरच लसीकरण केंद्राची वेळ घ्यावी.